उद्यांच्या शिक्षकांचें मंडळ

आपल्याकडे मंडळांना तोटा नाहीं. गणेशोत्सवाचें मंडळ असतें, व्याख्यानमालेचें असतें, आळीआळींतून भगिनीमंडळें असतात; आणि कॉलेजांत तर वाङ्मय मंडळापासून गिरिभ्रमण मंडळापर्यंत इतकीं मंडळें असतात कीं, सूचनाफलकावर जागा पुरत नाहीं. तेव्हां अध्यापक महाविद्यालयांत, म्हणजे उद्यां शिक्षक होणाऱ्या तरुण-तरुणींच्या कॉलेजांत, त्या विद्यार्थ्यांचें स्वतःचें असें एक मंडळ असावें, हें सांगण्यासाठीं मी आपला वेळ घेऊं लागलों, तर हा विषय रेडिओवरून बोलण्याजोगा आहे का, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांना येईल. परंतु ज्या घरांत शाळेंत जाणारें एक तरी मूल आहे, त्या घराचा या मंडळाशीं संबंध आहे. तो कसा, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

शिक्षकाचा धंदा एका बाबतींत इतर धंद्यांहून अगदीं निराळा आहे. वैद्यकी शिकूं लागणाऱ्यानें त्यापूर्वीं शस्त्रक्रिया पाहिलेली नसते. वकिली शिकणाऱ्यानें बहुधा न्यायालयाची पायरी चढलेली नसते. शिक्षक होऊं इच्छिणारा मात्र आपल्या धंद्याचें दर्शन लहानपणापासून रोज घेत आलेला असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७५ सालीं शिक्षकांच्या जीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असा हिशेब मांडला आहे कीं, शाळा सोडीपर्यंत अमेरिकन मुलाचे सुमारें १३,००० तास शिक्षकांच्या सान्निध्यांत गेलेले असतात. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीपर्यंत वर्षाला किमान ८०० आणि सहावी ते आठवीपर्यंत किमान १,००० तास शिकविलें जावें, असें ठरवून दिलें. म्हणजे आठवी संपेपर्यंतच ७,००० तास झाले. पुढचीं वर्षें निराळींच.

इतकें पाहिल्यावर शिक्षकाला शिकावयाचें तें काय राहिलें, असें कोणालाहि वाटेल. लॉर्टीचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. मुलानें शिक्षक पाहिलेला असतो तो बाकावरून, प्रेक्षकानें नट पाहावा तसा. पडद्यामागें काय चाललें होतें, हें त्याला दिसलेलें नसतें. अमुक प्रश्न मास्तरांनीं अमुक मुलालाच कां विचारला, ठरविलेलें उदाहरण ऐन वेळीं कां बदललें, तिसऱ्या बाकावरची मुलगी आज गप्प आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें कीं नाहीं, यांतलें कांहींच बाकावरून कळत नाहीं. त्यामुळें नवा शिक्षक वर्गांत उभा राहून गोंधळला, कीं पुस्तकांत वाचलेलें मानसशास्त्र त्याला आठवत नाहीं; आठवतात ते आपले जुने मास्तर. त्यांचा आवाज, त्यांची रागावण्याची तऱ्हा, त्यांचें थट्टा करणें तो नकळत उचलतो. ज्याला चांगले मास्तर लाभले त्याचें निभावतें. इतरांच्या बाबतींत एका पिढीच्या चुका वडिलोपार्जित इस्टेटीप्रमाणें दुसऱ्या पिढीकडे जातात.

मला स्वतःला हें कळलें तें एका सराव पाठाच्या निमित्तानें. अध्यापक महाविद्यालयांत शिकत असतांना सातवीच्या वर्गावर मला भूगोलाचा पाठ घ्यावयाचा होता. विषय होता वारे. पाठाचें टांचण मीं चार वेळां लिहून काढलें होतें. वर्गांत गेल्यावर नकाशा टांगला, फळ्याचे आंखून भाग पाडले. आणि जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, मग तिची जागा घेण्यास समुद्रावरची हवा येते, हें सर्व ठरल्या क्रमानें सांगितलें. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गरम हवा वर जाते, तर मग महाबळेश्वर थंड कां?"

टांचणांत या प्रश्नाला जागा नव्हती. तास संपावयास नऊ मिनिटें उरलीं होतीं आणि उजळणीचे प्रश्न व्हावयाचे होते. "खालीं बस, तें नंतर पाहूं," असें सांगून मीं पाठ वेळेवर पुरा केला. मागें बसलेल्या निरीक्षकांनीं शेरा दिला, "उत्तम. फलकलेखन सुबक. वेळेचें नियोजन चोख."

त्या रात्रीं वसतिगृहांत आम्ही चौघे बोलत बसलों होतों. माझा पाठ पाहावयास आलेला एक मित्र म्हणाला, "पाठ चांगला झाला रे. पण त्या पोराला तूं उत्तर कां दिलें नाहींस?" मीं वेळेचें कारण पुढें केलें. त्यानें विचारलें, "उत्तर तुला येत होतें का?" खरें सांगावयाचें तर येत नव्हतें. मग अकरा वाजतां आम्ही पुस्तकें उघडून बसलों. हवा तापते ती मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीमुळें. ती वर जाऊं लागली कीं तिच्यावरील दाब कमी होतो आणि ती प्रसरण पावते. या प्रसरणांत तिची ऊर्जा खर्ची पडून ती थंड होते. म्हणून उंचावर थंडी असते, आणि म्हणूनच घाट चढणाऱ्या वाऱ्यांतील बाष्पाचे ढग होऊन पाऊस पडतो. हें मला त्या रात्रीं प्रथम नीट समजलें. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न पाठाबाहेरचा नव्हताच. पुढच्या पाठाचें दार त्यानें उघडलें होतें. मीं त्याला खालीं बसविलें, आणि त्या पाठाबद्दल मला उत्तम शेरा मिळाला! त्या शाळेंतील आमचे पाठ त्याच दिवशीं संपले. तो मुलगा मला पुन्हां भेटला नाहीं.

त्यानंतर दर गुरुवारीं रात्रीं आम्ही बसूं लागलों. चौघांचे नऊ झालों. नियम एकच होता, कीं ज्यानें त्यानें त्या आठवड्यांत वर्गांत चुकलेली एक गोष्ट सांगावयाची आणि इतरांनीं तिचा विचार करावयाचा. त्या बैठकीला नांव नव्हतें, अध्यक्ष नव्हता, वर्गणीहि नव्हती. परंतु ज्या मंडळाविषयीं मी आज बोलत आहें, तें हेंच.

ही कल्पना कांहीं आमच्याच डोक्यांतून निघाली नव्हती. तिचा इतिहास पाहिला तर तो शिक्षक-शिक्षणाइतकाच जुना दिसतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत होरेस मान हा १८३७ सालीं शिक्षण मंडळाचा चिटणीस झाला. शिक्षक आपोआप होत नाहीं, तो मुद्दाम तयार करावा लागतो, हा त्याचा आग्रह होता. त्यांतून ३ जुलै १८३९ रोजीं लेक्सिंग्टन या गांवीं सरकारनें चालविलेली त्या देशांतील पहिली अध्यापनशाळा उघडली. पहिल्या दिवशीं तिच्यांत तीन विद्यार्थिनी होत्या आणि शिकविणारे एक गृहस्थ, सायरस पियर्स. तीन विद्यार्थिनींच्या शाळेंत निराळें मंडळ कशाला हवें? सारी शाळा हेंच मंडळ होतें. पुढें अशा संस्था वाढल्या, त्यांचीं मोठमोठीं कॉलेजें झालीं, विद्यार्थी शेंकड्यांनीं मोजले जाऊं लागले आणि ती जवळीक उरली नाहीं.

ती परत आणण्याचे प्रयत्न पुढें झाले. १९११ सालीं इलिनॉय विद्यापीठांत कॅप्पा डेल्टा पाय ही सभा निघाली. परंतु ती अभ्यासांत वरच्या पायरीवर असलेल्यांची मानाची सभा होती. सर्वांसाठीं दार उघडलें तें १९३७ सालीं. होरेस मानच्या नेमणुकीला त्या वर्षीं शंभर वर्षें झालीं. तो योग साधून तेथील राष्ट्रीय शिक्षणसंघाच्या मासिकाचे संपादक जॉय एल्मर मॉर्गन यांनीं 'फ्यूचर टीचर्स ऑफ अमेरिका', म्हणजे भावी शिक्षकांची संघटना, सुरू केली. हायस्कुलांतून तिचे क्लब निघाले आणि कॉलेजांतून शाखा. क्लबांत येत तीं, आपण शिक्षक व्हावें कीं नाहीं हें अजमावूं पाहणारीं मुलें. शाखांत येत ते, शिक्षक होण्याचें ज्यांचें ठरलें आहे असे तरुण. १९५७ सालीं कॉलेजांतील विद्यार्थ्यांची संघटना निराळी झाली. हायस्कुलांतील काम नांवें बदलीत चालू राहिलें आणि त्याच परंपरेंतील एक संघटना २०१५ पासून 'एज्युकेटर्स रायझिंग' या नांवानें ओळखली जाऊं लागली.

परंतु दाखल्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. १८७९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत टिळक आणि आगरकर हे दोघे शिकत होते. एक कायद्याचा अभ्यास करणारा, दुसरा एम. ए. चा. देशाची स्थिति पालटावयाची तर काय करावें, यावर त्यांचे वाद रात्र रात्र चालत, आणि त्या वादांतून दोघांनीं सरकारी नोकरीच्या वाटेला न जातां शिक्षणाला वाहून घेण्याचें ठरविलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील नोकरी सोडून आले होते, त्यांची गांठ पडली. जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें, एम. ए. होऊन आगरकरहि येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. आपणां सर्वांना या तारखा पाठ आहेत. परंतु शाळा उघडण्यापूर्वीं कॉलेजच्या टेकडीवर तें बोलणें झालें होतें, याकडे आपलें लक्ष कमी जातें. भावी शिक्षकांच्या मंडळाचा महाराष्ट्रांतील तो अत्यंत नामांकित नमुना म्हणावयास हरकत नाहीं, मग त्याचे सभासद दोनच कां असेनात. आणि तें मंडळ कांहीं परस्परांची वाहवा करणाऱ्यांचें नव्हतें. पुढें मतभेद इतके वाढले कीं १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. मनांतलें स्पष्ट बोलणाऱ्या माणसांनीं एकत्र येण्यांत हा धोका असतोच. तो पत्करूनहि त्यांनीं उभी केलेली शाळा आज चालू आहे.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व पूर्वीं ठीक होतें. आज अभ्यासक्रमांतच सर्व सोय आहे. ही शंका रास्त आहे. २०१४ च्या नियमांनीं बी. एड्. चा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला आणि त्यांतील किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेंत घालवावे, असें ठरलें. शिवाय सूक्ष्म अध्यापन म्हणून एक पद्धति आहे. ती १९६३ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत निघाली आणि आपल्या अध्यापक महाविद्यालयांत चांगली रुजली. तिच्यांत वर्गमित्रच विद्यार्थी होऊन समोर बसतात. सहा मिनिटें शिकवावयाचें, सहा मिनिटें इतरांचे अभिप्राय ऐकावयाचे, बारा मिनिटांत पाठ नव्यानें बेतावयाचा, पुन्हां सहा मिनिटें शिकवावयाचें आणि पुन्हां सहा मिनिटें ऐकावयाचें. असें ३६ मिनिटांचें एक आवर्तन. प्रश्न विचारणें, फळा वापरणें, उदाहरण देणें, अशीं कौशल्यें त्यांत एकेक करून घोटून घेतां येतात. मीं तीं अनेक वर्षें शिकविलीं आहेत आणि त्यांचा उपयोग मी नाकारीत नाहीं.

परंतु दोन गोष्टी तेथें होत नाहींत. समोर बसलेला वर्गमित्र सातवींतला मुलगा झाला तरी तो महाबळेश्वरचा प्रश्न विचारीत नाहीं. कारण त्याला उत्तर ठाऊक असतें, किंवा आपल्या मित्राचे गुण कापले जाऊं नयेत अशी त्याची इच्छा असते. आणि गुण हीच दुसरी अडचण. जेथें गुण आहेत तेथें चूक झांकली जाते. गुण देणाऱ्यापुढें आपली चूक आपण होऊन कोण उघडी करील? मीं केली नव्हती. मंडळाची जागा नेमकी येथें आहे. शिक्षकाच्या शिक्षणांत चूक निर्भयपणें सांगतां येईल असें एक ठिकाण हवें, आणि तें बरोबरीच्यांतच असूं शकतें.

मग असें मंडळ चालवावें कसें? माझ्या अनुभवांतून तीन गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, चर्चा शिक्षकाची नव्हे, मुलांची करावी. जपानांतील शिक्षकांची एक जुनी रीत आहे. १९९९ सालीं निघालेल्या एका अमेरिकन पुस्तकामुळें ती जगभर माहीत झाली. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. त्यांतला एक तो वर्गावर घेतो. बाकीचे वर्गांत उभे राहून शिक्षकाकडे न पाहतां मुलांकडे पाहतात. कोणतें मूल कोठें अडलें, कोणी वहींत काय खोडलें, शेजाऱ्याला काय विचारलें, हें टिपून घेतात. मग सर्वजण बसून पाठ दुरुस्त करतात. पाठ सर्वांचा असल्यामुळें टीका कोणा एकाला लागत नाहीं. आपल्या मंडळांनीं ही रीत उचलण्यास खर्च कांहींच नाहीं. एक वही आणि एक पेन्सिल पुरते.

दुसरी गोष्ट, मंडळानें वर्गाबाहेरचीं मुलें पाहावींत. आठवड्यांतून एक संध्याकाळ जवळच्या वस्तींत, वाचनालयांत किंवा सभासदांच्या शेजारींच दहा-बारा मुलें जमवून त्यांना गोष्ट वाचून दाखवावी, गणित अडलें असेल तें सोडवूं द्यावें. तेथें घंटा नसते, हजेरी नसते. कंटाळलेलें मूल उठून जातें. आपलें शिकविणें मुलांना धरून ठेवतें कीं नाहीं, हें जितकें तेथें कळतें तितकें कोणत्याहि निरीक्षकाच्या शेऱ्यानें कळत नाहीं. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' पुस्तकांतील कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो आणि त्याचे पहिले बेत फसतात. तें पुस्तक मंडळांत मिळून वाचण्यासारखें आहे, तें या फसण्यासाठीं.

तिसरी गोष्ट, पाहुणे बोलवावयाचे ते नोकरीला लागून एक-दोन वर्षें झालेले शिक्षक असावेत. चाळीस वर्षांचा अनुभव असलेले गृहस्थ थोर असतात, परंतु पहिल्या महिन्याची भीति ते विसरलेले असतात. नव्या शिक्षकाला साठ मुलांच्या वह्या केव्हां तपासतां, पालक रागावून आले तर काय बोलतां, ठराविक मानधनावर घर कसें चालवितां, हें विचारतां येतें. आणि तो खरें सांगतो.

आतां मंडळें कशीं मरतात, हेंहि सांगितलें पाहिजे. मी पुढें एका अध्यापक महाविद्यालयांत शिकवूं लागलों. तेथेंहि विद्यार्थ्यांची अशी एक गुरुवारची बैठक आपोआप जमली होती. ती पाहून आम्हां प्राध्यापकांना आनंद झाला आणि तिला उत्तेजन देण्याचें आम्हीं ठरविलें. तिला नांव दिलें. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस नेमले. थाटाचें उद्घाटन झालें, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलें, छायाचित्र वार्षिकांत छापलें. मंडळाच्या कार्याला अंतर्गत मूल्यमापनांत गुण ठेवावेत, ही सूचना माझीच होती. त्या दिवसापासून सभासदांची संख्या नवाची नव्वद झाली आणि चुका सांगणें बंद पडलें. दुसऱ्या वर्षीं अहवालांत मंडळाचे बारा कार्यक्रम होते. गुरुवारची बैठक मात्र राहिली नव्हती. सद्भावनेनेंहि एखादी गोष्ट कशी मोडतां येते, याचा हा माझ्या हातून घडलेला दाखला आहे. प्राध्यापकांनीं मंडळाला एक खोली द्यावी, तिची किल्ली द्यावी आणि बोलावल्यावांचून तेथें जाऊं नये, इतकेंच मी आतां सांगतों.

आमच्या नवांच्या बैठकीचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. आठ जण शिक्षक झाले. नववा फार हुशार होता, परंतु मुलांचा गलबला आपल्याला सोसत नाहीं, हें त्यानें एका गुरुवारीं आमच्यापुढें कबूल केलें आणि तो दुसऱ्या कामाला लागला. त्याच्या घरच्यांना वाईट वाटलें. मला तें बैठकीचें यश वाटतें. कारण हें त्याला तीस वर्षांनीं कळलें असतें, तर त्याची किंमत त्याच्या वर्गांतल्या मुलांनीं दिली असती. बाकीचे आठ निरनिराळ्या गांवीं गेले. नव्या शाळेंत प्रत्येकजण आपल्या वर्गाचें दार लावून एकटाच होता. हा एकटेपणा नव्या शिक्षकाला फार जाचतो. आपल्याला जमत नाहीं तें सर्वांना जमतें आहे, असें त्याला वाटूं लागतें. आम्हांला तो तितका जाचला नाहीं. कारण विचारण्याची संवय लागली होती. पत्रें गेलीं, पुढें टेलिफोन झाले, आणि कांहीं जण अजूनहि विचारतात.

श्रोतेहो, आरंभीं मीं म्हटलें होतें कीं, आपल्या घराचा या मंडळाशीं संबंध आहे. आपली मुलगी उद्यां बारावीला चांगले गुण मिळवून म्हणाली, "मला शिक्षिका व्हावयाचें आहे," तर आपल्या तोंडून काय निघेल? "इतके गुण मिळवून मास्तरीण?" हेंच ना? तसें न म्हणतां तिला एखाद्या शाळेंत चार दिवस बसूं द्या, दहा मुलांना गोष्ट सांगूं द्या, आणि मग ठरवूं द्या. भावी शिक्षकांचें मंडळ आपल्या वस्तींत मुलें जमवावयास आलें, तर आपली ओसरी त्यांना तासभर द्या. त्यांनीं बोलावलें तर जा आणि शाळेंतून आलेलें आपलें मूल घरीं काय बोलतें, तें त्यांना सांगा; कारण ही गोष्ट शिक्षकाला दुसऱ्या कोणाकडूनहि कळत नाहीं.

आणि आपल्या मुलानें घरीं येऊन, "मीं प्रश्न विचारला, पण सर म्हणाले खालीं बस," असें सांगितलें, तर त्या शिक्षकावर लगेच रागावूं नका. त्याला कदाचित् उत्तर येत नसेल, आणि येत नाहीं असें ज्यांच्यापुढें म्हणतां येईल अशीं माणसें त्याला कधीं मिळालींच नसतील. मला तीं मिळालीं, म्हणून त्यानंतरच्या वर्षांत माझ्या वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मीं उभेंच राहूं दिलें. उत्तर येत नसलें, तर "उद्यां सांगतों," असें म्हणून दुसऱ्या दिवशीं तें सांगितलें.